रोजच्या वापराला इलेक्ट्रिक पिकअप चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज जाऊन-येऊन 70 किलोमीटर नोकरी, वाटेत मुलांची शाळा, महिन्यातून एक-दोनदा प्लायवूड किंवा बागेची माती आणायची, आणि वर्षातून दोनदा मागे कॅम्पर (आत राहायची सोय असलेला ट्रेलर) जोडून 400 किलोमीटरवर सुट्टीला जायचं. डिझेलची डबल-कॅब आता थकली आहे, तर तिच्या जागी इलेक्ट्रिक पिकअप घ्यावी का?

पहिल्या तीन कामांना बिनधास्त घ्या. चौथ्याला ही गाडी तुम्हाला रडवेल. गंमत म्हणजे शोरूममध्ये सगळ्यात जास्त ऐकवतात ते ओढण्याच्या ताकदीबद्दलच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी फर्निचरची कामं घेतो आणि तीन वर्षांपासून इलेक्ट्रिक पिकअप वापरतोय. त्याआधी बारा वर्षं डिझेल होती.

लोक पहिल्यांदा रेंज विचारतात, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते ते. त्याच्याही आधी विचारायचं ते हे की गाडी रात्री कुठे उभी राहणार, म्हणजे चार्ज कुठे होणार. हिशोब युनिटमध्ये करा, म्हणजे विजेच्या बिलावर असतं तेच युनिट. पूर्ण आकाराची इलेक्ट्रिक पिकअप एका युनिटला साधारण चार किलोमीटर पळते. फोर्डच्या एफ-150 लायटनिंगची मोठी बॅटरी 131 युनिटची, आणि अमेरिकेच्या सरकारी मोजणीप्रमाणे तिची रेंज 320 मैल, म्हणजे 515 किलोमीटर. छोटी इलेक्ट्रिक कार एका युनिटला सहा-सात किलोमीटर सहज देते. पिकअपचं तोंड रुंद आणि अंग जड, त्यामुळे ॲव्हरेज एवढं पडणारच.

तुमच्या 70 किलोमीटरला झाली 18 युनिट, चार्जिंगमध्ये वाया जाणारी धरून 20. घरातला 230 व्होल्टचा साधा 10 अँपियरचा पॉइंट तासाला 2.3 युनिट देतो. म्हणजे रात्री आठला लावली की पहाटे पाचच्या सुमारास होईल. जिथे वीज 120 व्होल्टची आहे तिथे साध्या पॉइंटला रात्र पुरणार नाही. पुरत असेल तिथेही मी तो सुचवणार नाही. रोज नऊ तास पूर्ण भार घेण्यासाठी तो पॉइंट केलेला नसतो. पहिल्या दोन महिन्यांत माझा प्लग एका बाजूने पिवळा पडला, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावून वेगळी लाइन ओढून घेतली. 7 किलोवॉटचा, म्हणजे तासाला 7 युनिट देणारा वॉल चार्जर असेल तर तुमचं रोजचं काम तीन तासांत होतं. रेंज 500 आहे की 350, याचा तुमच्या आठवड्याच्या पाच दिवसांशी काही संबंधच उरत नाही.

आता हौद्यातल्या मालाचं. बॅटरीवाली गाडी माल टाकला की बसते, अशी एक समजूत आहे. 2023 मध्ये ट्रिपल ए या अमेरिकन वाहनचालक संघटनेने लायटनिंगमध्ये 1,400 पाउंड, म्हणजे सुमारे 635 किलो वाळूची पोती भरून ती चालवून पाहिली. त्या गाडीच्या मर्यादेच्या जवळ जाणारा हा भार होता. रेंज 278 मैलांवरून 210 वर आली, म्हणजे साधारण चौथा हिस्सा गेला. हे काही थोडं नाही, पण महिन्यातून दोनदा तेवढा माल कोण भरतो? माझ्या हौद्यात 18 मिलिमीटरचे दहा-बारा शीट असतात तेव्हा आकड्यात जेमतेम फरक दिसतो. वजनाचं एक बरं असतं: चढावर त्याच्यासाठी जे खर्चलं, त्यातलं थोडं उतारावर मोटर परत बॅटरीत भरते.

हवेचं तसं नाही. हवेचा रोध कापायला जे खर्चलं, ते परत मिळत नाही.

इथे कॅम्पर येतो. मित्राचा कॅम्पर घेऊन मी एकदाच लांब गेलो. निघताना डॅशबोर्डवर 450 किलोमीटर होते. ताशी 90 ने, एसी कमी ठेवून, 180 किलोमीटरवर 12 टक्के उरले. फास्ट चार्जरवर पोहोचलो तर तिथल्या जागा कारच्या मापाच्या, तोंड आत घालून उभी करायच्या. मागे ट्रेलर असताना रस्ताच अडतो. भुरभुर पावसात कॅम्पर सोडवला, कडेला लावला, गाडी चार्जरला लावली, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं थांबलो, परत कॅम्पर जोडला. हे त्या दिवशी दोनदा झालं. बायको काही बोलली नाही, म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेल.

असं का होतं हे समजून घ्या, कारण त्यातच तुमचं उत्तर आहे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा असते. म्हणजे 131 युनिटची ती भलीमोठी बॅटरी ऊर्जेच्या हिशोबाने 13 लिटर डिझेलएवढी! त्या 13 लिटरमध्ये गाडी 500 किलोमीटर जाते, कारण मोटर जवळजवळ काही वाया घालवत नाही. डिझेल इंजिन मात्र निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता करून सोडून देतं, पण त्याच्या टाकीत 80 लिटर असतात. मागे कपाटासारखा उभा कॅम्पर लावला की दोघांचाही खर्च दुपटीच्या आसपास जातो. डिझेलचा थोडा कमीच वाढतो, कारण भार आला की ते इंजिन उलट जरा नीट चालतं. 80 लिटरवाल्याला त्याचं काही वाटत नाही, तो पाच मिनिटांत टाकी भरून पुढे जातो. 13 लिटरवाल्याचा दिवस मात्र कोलमडतो. ताकदीचा इथे प्रश्नच नाही. लायटनिंग कागदावर 4,500 किलो ओढते आणि खरंच ओढते. चढावर माझ्या जुन्या डिझेलला जो घाम फुटायचा तो हिला फुटत नाही. पण किती ओढते आणि कुठपर्यंत ओढते, हे दोन वेगळे आकडे आहेत आणि जाहिरातीत पहिलाच असतो.

मग बॅटरी मोठी करा की, असं कुणीही म्हणेल. करून पाहिलंय. शेवरोलेच्या सिल्व्हराडो ईव्हीत 200 युनिटच्या वरची बॅटरी घातली, रेंज 700 किलोमीटरपलीकडे गेली, आणि गाडीचं वजन चार टनांच्या घरात. जीएमसीच्या हमर ईव्हीत नुसत्या बॅटरीचंच वजन 1,300 किलोच्या आसपास आहे, म्हणजे रोज एक अख्खी छोटी कार अंगावर घेऊन फिरायचं. एवढा बोजा दोन सुट्ट्यांसाठी तीनशे पासष्ट दिवस वाहायचा. टायर त्याच बोजाने आणि मोटरच्या अचानक ओढीने लवकर झिजतात. बऱ्याच देशांत साध्या कारच्या लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, तेही आधी बघून घ्या.

गाड्या बनवणाऱ्यांनाही हे पैसे घालवून कळलं. रॅम या अमेरिकन पिकअप कंपनीने 2025 च्या सप्टेंबरात पूर्ण इलेक्ट्रिक मोठ्या पिकअपचा बेत सोडला. फोर्डने त्याच वर्षी डिसेंबरात जाहीर केलं की आताची लायटनिंग बंद, पुढची येईल तिच्यात जनरेटर म्हणून इंजिन असेल. म्हणजे चाकं मोटरच फिरवणार, बॅटरी संपत आली की इंजिन नुसती वीज बनवणार. लांब ट्रेलर ओढणाऱ्याला हे उत्तर पटण्यासारखं आहे. पण यावरून 'इलेक्ट्रिक पिकअप फसली' असं जे सर्रास बोललं जातं, ते मला मान्य नाही. ट्रेलर ओढण्याच्या जागी डिझेलशी बरोबरी करायला गेली, तिथे ती हरली. ती मुळात त्या कामाची नव्हतीच.

मग कुठल्या कामाची? माझ्यासारख्याच्या. सकाळी माल भरून निघायचं, तीस-चाळीस किलोमीटरवर साइट, दिवसभर तिथेच, संध्याकाळी परत. साइटवर वीज अजून आलेली नसते, किंवा असते पण दुसऱ्याच कुणाच्या तरी मीटरवरची. पूर्वी मी जनरेटर न्यायचो: धूर, आवाज, पेट्रोलचा कॅन, आणि हौद्यातली एक चतुर्थांश जागा. आता हौद्याच्या कडेच्या सॉकेटमध्ये टेबल सॉ लावतो, कॉम्प्रेसर लावतो, दिवसाला पाच-सहा युनिट जातात. गाडीच्या हिशोबाने वीस-पंचवीस किलोमीटर. लायटनिंगच्या वरच्या मॉडेलमध्ये 9.6 किलोवॉटपर्यंत वीज बाहेर काढता येते, त्यावर वेल्डिंग मशीनही चालतं. तुमची नोकरी ऑफिसातली दिसते, तेव्हा तुम्हाला याचा उपयोग होईल तो लाइट गेल्यावर. फ्रिज, दिवे आणि वाय-फाय एवढ्यावर भागवलंत तर एक-दोन दिवसांनी गाडीला काही जाणवणारही नाही. अख्खं घर चालवायचं असेल तर मात्र वेगळं उपकरण बसवावं लागतं, नुसती एक्स्टेंशन वायर ओढून ते होत नाही.

आणि पुढची डिकी! मला विचाराल तर रोजच्या वापरात इलेक्ट्रिक पिकअपचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि तोच लोक मोजत नाहीत. पिकअपची जुनी अडचण अशी की टनभर माल मावतो, पण लॅपटॉपची बॅग आणि किराणा ठेवायला कोरडी, कुलुपाची जागा नसते. इंजिन गेलं आणि बॉनेटखाली जागा झाली. लायटनिंगमध्ये 400 लिटर. रिव्हियनच्या आर1टीमध्ये तर पुढच्या डिकीशिवाय मागच्या सीट आणि हौदा यांच्यामध्ये गाडीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार कप्पा आहे. मुलांची दप्तरं, पावसाळी बूट, खरेदीच्या पिशव्या यांचा प्रश्न माझ्याकडे पहिल्याच दिवशी मिटला.

बाकीचं भरभर. कडक थंडीत रेंज उन्हाळ्यापेक्षा चौथा हिस्सा तरी कमी धरा. हीट पंप (कमी विजेत गाडी आतून गरम करणारी यंत्रणा) असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या, आणि गाडी प्लगला असतानाच आतून गरम करून निघा. ऑइल, फिल्टर, इंजेक्टर यांची कटकट गेली. उतारावर मोटरच गाडी रोखते, त्यामुळे ब्रेक पॅड बराच काळ टिकतात. बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षांची वॉरंटी देतात. लांबीचं मात्र काही करता येत नाही. लायटनिंग 5.9 मीटर आहे, आणि पाच मीटरच्या पार्किंगमध्ये तिचं शेपूट बाहेर राहणारच. ते डिझेलचंही राहिलं असतं म्हणा. आणि फाळका पाडून चालवली की हवा मोकळी निघून जाते, रेंज वाढते, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा भोवरा साचून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. तो मोडला की बहुधा तोटाच होतो. त्यापेक्षा हौद्यावर सपाट कव्हर टाका.

तुमच्यासारख्याने मोठी बॅटरी घेऊ नये, असं माझं मत. उलट जरा लहान गाडी बघा. इसुझूच्या डी-मॅक्स ईव्हीत 66.9 युनिटची बॅटरी आहे, युरोपियन मोजणीप्रमाणे रेंज 263 किलोमीटर, आणि टनभर माल घेते. कागदावर वाचताना रेंज केविलवाणी वाटते. पण तुमचं रोजचं काम 70 चं आहे. शाळेचा फेरा, मध्येच काढलेलं एखादं काम आणि थंडीचा तोटा धरूनही संध्याकाळी शंभरेक किलोमीटर शिल्लक राहतात.

राहिल्या त्या दोन सुट्ट्या. त्यासाठी डिझेल पिकअप भाड्याने घ्या किंवा भावाची-मित्राची मागा, वर्षातले दहा दिवस निघून जातील. तरीही स्वतःच्याच गाडीने ओढायचं असेल तर कॅम्परच्या वजनाकडे बघू नका, उंचीकडे बघा. छप्पर खाली दुमडणारा, गाडीच्या टपाच्या आडोशात लपणारा कॅम्पर रेंज बरीच कमी खातो. वेग 110 वरून 90 वर आणला की हवेचा रोध तिसऱ्या हिश्शाने कमी होतो. तुमचा कॅम्पर टपापेक्षा किती वर जातो ते टेप लावून मोजा, आणि वाटेत ट्रेलरसकट आरपार निघता येईल असा चार्जर कुठे आहे का ते बघा. हे दोन्ही कळवलंत तर ते 400 किलोमीटर किती थांब्यांत होतील याचा अंदाज सांगतो.