इंग्रजीतील ‘ब्रेक’चे वाक्प्रचार मराठीत आणताना एकच क्रियापद चालेल का?

‘ब्रेक’ या क्रियापदाभोवती इंग्रजीत जे वाक्प्रचार तयार झाले आहेत, त्या सर्वांसाठी मराठीत एकच क्रियापद ठरवून घेता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे येत नाही, कारण इंग्रजी जे काम एकट्या ‘ब्रेक’कडून करून घेते ते मराठीने मोडणे, तोडणे आणि फोडणे यांत वाटून दिले आहे, आणि ही वाटणी वस्तू कशी भंगते यावरून झालेली दिसते. काठी मोडते, दोर तुटतो, माठ फुटतो. लाक्षणिक अर्थही बहुधा याच वाटेने जातात: ठरलेले किंवा नीट बसवलेले असते ते मोडते, म्हणून लग्न, वचन, मुदत ठेव आणि नव्या साडीची घडीसुद्धा मोडते, जोडलेले असते ते तुटते, म्हणून नाते आणि संपर्क, आत काही कोंडलेले असते ते फुटते, म्हणून कोंडी, गुपित आणि परीक्षेचा पेपर. नाशिकच्या रविवार कारंज्यावर पाचशेची नोट पुढे केली की दुकानदार ‘मोड नाही’ म्हणतो, आणि इंग्रजीतही नोट ‘ब्रेक’ करतात, तिथे मराठी आणि इंग्रजी आपसूक जुळतात. पण अशा जागा थोड्या.

मी नाशिकमध्ये शेतीविषयक माहितीपत्रकांचे भाषांतर करतो. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीवरच्या एका पत्रकात ‘बड ब्रेक’ हा शब्द आला आणि मी बेधडक ‘कळी तुटणे’ असे लिहून मोकळा झालो. निफाडकडच्या एका बागाईतदाराने मसुदा वाचून विचारले, “भाऊ, कळीच तुटली तर घड कुठून येणार?” द्राक्षाच्या काडीवर असतो तो डोळा, आणि छाटणीनंतर डोळे फुटतात, फूट एकसारखी निघावी म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाईड हे रसायन लावतात. इंग्रजी क्रियापद तेच, पण इथे काहीही नष्ट होत नाही, उलट आतले बाहेर येते, ही गोष्ट मी शब्दकोशात अडकल्यामुळे पाहिलीच नव्हती.

हिंदीतून येणाऱ्या मजकुरापासूनही सावध राहावे. हिंदीत वादा, रिश्ता, रेकॉर्ड आणि चुप्पी हे सारे ‘तोडना’वर चालते, आणि त्याच ओघात मराठी बातम्यांत ‘मौन तोडले’ शिरले आहे. मराठीत मौन सोडतात, उपवासही सोडतात, आणि विक्रम मोडतात.

जिथे तिन्हींपैकी एकही बसत नाही, तिथे क्रियापदाचा हट्ट धरू नये. घरच्यांना वाईट बातमी सांगण्याच्या अर्थाने ‘ब्रेक द न्यूज’ असेल तर ‘कानावर घालणे’ हेच योग्य. ‘बातमी फोडली’ म्हटले तर सांगणाराच आरोपी ठरतो. ‘ब्रेक द आइस’साठी पुष्कळ जण ‘भीड चेपणे’ सुचवतात, पण त्यात पुढे आगाऊपणा येण्याची छटा असते, म्हणून पहिल्या भेटीपुरते मी ‘अवघडलेपण गेले’ एवढेच लिहितो.