आरशासकट रुंदी

लेकी,

तुझा मेसेज वाचला. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावरचे गाड्यांचे शोरूमवाले म्हणतात, आमच्या नावाचं अ‍ॅप कर, त्यात गेम टाक, लकी ड्रॉ टाक, आणि गाडी अंगणात उभी राहिलेली दिसू दे. पुण्याची कंपनी म्हणते, ते सगळं सोड, इकडे ये. आणि तू मला विचारतेस, हे एआर, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून खऱ्या अंगणात नसलेली गाडी उभी दाखवणं, नुसता देखावा आहे का, आणि असेल तर त्यात वर्षं का घालवायची.

पुण्याचं तुझं तू ठरव. देखाव्याचं मात्र मी बोलणार, कारण त्यापायी मी बरंच काही घालवून बसलोय.

देखावा होताच. 2008 साली मिनी या मोटार कंपनीने जर्मन मासिकांत एक जाहिरात छापली. पान वेबकॅमसमोर धरलं की पडद्यावर त्याच पानावर गाडी उभी राहायची, पान फिरवलं की गाडी फिरायची. पुढच्या वर्षी फोक्सवॅगनने अमेरिकेत नवी जीटीआय गाडी लोकांसमोर आणली तीच आयफोनवरच्या फुकट रेसिंग गेममधून. आमच्या मीटिंगांत ही दोन उदाहरणं देव्हाऱ्यातल्या टाकांसारखी पुजली जायची. पानावरची गाडी पानाएवढी होती, पण त्यात कुणी फसत नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं की ही गंमत आहे. मग 2017 मध्ये अ‍ॅपलचं एआरकिट आलं, 2018 मध्ये गूगलचं एआरकोर तयार झालं, दोन्ही एआर बनवायची साधनं, आणि साध्या फोनला जमीन ओळखता यायला लागली. गाडी खऱ्या आकारात अंगणात उभी करता येऊ लागली. म्हणजे माप आलं. आणि माप आलं की मापात पाप आलंच.

तू ज्यांच्यासाठी हे बनवणार आहेस त्यांचे प्रश्न ऐकलेस का कधी? शोरूममध्ये नव्हे, त्यांच्या दारात. तासगावचा द्राक्षवाला विचारतो, बागेकडच्या पाणंदीत गाडीचं बूड घासेल का. गावभागातला हळदीचा अडत्या विचारतो, बोळातून वळून वाड्याच्या दारातून आत जाईल का. त्याची आई विचारते, मला चढता येईल का. यातल्या अडत्याच्याच प्रश्नाला तुझा फोन उत्तर देऊ शकतो. गुडघ्याला आणि पाणंदीला नाही देऊ शकत, तिथे गाडीच न्यावी लागते. हे शोरूमवाल्यांना पहिल्याच बैठकीत सांग. तोंड वाकडं करतील, करू देत.

आता त्या एका प्रश्नाचं. त्याचं उत्तर तरी खरं दे. आपल्याकडच्या कितीतरी गाड्या 3,995 मिलिमीटर लांब असतात, कारण चार मीटरच्या आत राहिलं, इंजिनही ठरल्या मर्यादेत असलं, की कर कमी लागतो. कंपन्या पाच-पाच मिलिमीटर सांभाळतात आणि तुझ्या पडद्यावर कुणीही चिमटीने गाडी हवी तेवढी आखडून गेटात बसवतो! ती सोय बंद कर. अँड्रॉइडवर एआर दाखवणाऱ्या सीन व्ह्यूअरमध्ये बंद करता येते, आयफोनवरच्या क्विक लुकमध्येही येते. गाडी दिमाखदार दिसावी म्हणून पाच टक्के ताणू म्हणणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतो. चार मीटरच्या गाडीला पाच टक्के म्हणजे वीस सेंटीमीटर, बोळात तेवढ्यावर दरवाजा उघडायचा की नाही ते ठरतं. मापात पाप करायचं नाही म्हणजे नाही.

एककांकडेही लक्ष ठेव. गाडीचं थ्रीडी मॉडेल दोन प्रकारच्या फाइलींत ठेवतात: जीएलटीएफ फाइलमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर, यूएसडीचं मूळ एकक सेंटीमीटर. रूपांतरात घोळ झाला तर गाडी काडेपेटीएवढी तरी होते नाहीतर डोंगराएवढी. तो घोळ निदान दिसतो. न दिसणारा घोळ आरशांचा. ब्रोशरमध्ये रुंदी छापतात ती बहुतेक वेळा बाजूचे आरसे सोडून. बोळात आधी घासतो तो आरसाच. तेव्हा तू पडद्यावर लिहायचीस ती आरशासकट रुंदी, ठळक अक्षरांत. आणि भिंतीचं काय करणार आहेस? फोनला पुढचं-मागचं कळलं नाही तर तो गाडी सगळ्याच्या वर रंगवतो. बॉनेट कंपाउंडमधून आरपार गेलेलं असतं आणि बघणारा म्हणतो, बसली की हो! एवढं सगळं करूनही फोनचं माप चार-दोन बोटं इकडेतिकडे होतंच. तेही लिही: दाराशी जागा कमी वाटत असेल तर टेपने मोजा. गिऱ्हाईक पळून जाईल असं तुला सांगतील. पळत नाही. खरं सांगणाऱ्याकडे ते दसऱ्याला परत येतं.

मॉडेलचंही तेच. अंगणात उभी करायची टॉप मॉडेलची गाडी, अलॉय व्हील, सनरूफ, आणि खाली किंमत टाकायची सगळ्यांत खालच्या मॉडेलची, तीसुद्धा एक्स-शोरूम. ही फसवणूक इतकी रुळलीय की ती कुणाच्या डोळ्याला खुपत नाही. तुझ्या खुपू दे. जी गाडी दिसते तिचीच ऑन-रोड किंमत, सांगलीतल्या पासिंगसकट.

मी ज्या एजन्सीत होतो (नाव कशाला) तिथे एका गाडीसाठी असंच अ‍ॅप केलं होतं. मोबाइल नंबर दिल्याशिवाय त्यात गाडी दिसायचीच नाही. दिला की संध्याकाळपासून फोन सुरू, मग फायनान्सवाल्यांचे, मग विमावाल्यांचे. वरच्यांना लीडचा, म्हणजे गोळा झालेल्या नंबरांचा, आकडा आवडायचा. मी म्हणत होतो, आधी गाडी दाखवा, मग विचारा. म्हणत राहिलो. शेवटी मला त्या कामावरून काढून हॉटेलांच्या जाहिरातींवर बसवलं, आणि मी राजीनामा ठेवला. लोक आजही म्हणतात की हट्टापायी चांगली नोकरी घालवली. असेल. पण मी गेल्यावर त्या खोलीत नाही म्हणणारं कुणी उरलं नाही, याची हळहळ नोकरीपेक्षा जास्त आहे. हट्टाबद्दल मला अजून काही वाटत नाही. आता तर 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, कशासाठी घेतो ते सांगून संमती मागायची, असं त्यातच लिहिलंय. तेव्हा मला वेड्यात काढणारे आता तेच कलम स्लाइडवर दाखवत असतील.

शोरूमवाले तुला महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 गाडीचा दाखला देतील. 2021 च्या ऑक्टोबरात 57 मिनिटांत 25,000 बुकिंग झाली, बघा ऑनलाइनची ताकद! त्यांना विचार, सुरुवातीची कमी किंमत कितव्या गिऱ्हाइकापर्यंत होती? पहिल्या 25,000 पर्यंतच. लोक गाडीवर आणि किमतीवर तुटून पडले होते, अ‍ॅपवर नव्हे.

म्हणून गाडी घेण्याआधी अ‍ॅप नकोच. आठ-दहा वर्षांतून एकदा गाडी घेणारा माणूस त्यासाठी अ‍ॅप उतरवून का ठेवेल? व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठव, ब्राउझरमध्येच गाडी उघडू दे. ज्याच्या फोनला एआर झेपत नाही त्याला निदान फिरवून बघता येईल. अ‍ॅप करायचंच तर घेतल्यानंतरचं कर. ह्युंदाईने 2015 मध्ये अमेरिकेत सोनाटासाठी असंच केलं: कॅमेरा इंजिनावर धरा, ऑइल कुठे तपासायचं ते दाखवतो. आपल्याकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की माणूस मेव्हण्याला फोन करतो. तो दिवा मराठीत समजावून सांगणारं काही करून दाखव, त्यात गेमपेक्षा जास्त डोकं लागेल. गेम आणि लकी ड्रॉ काढून टाक. यावर मला चर्चा नको.

रविवारी गावभागात ये. माझ्या बहिणीचा वाडा तिथे आहे, बोळ अरुंद, खाली शहाबादी फरशी. फरशीवर डाग-रेघा आहेत, फोनला जमीन पटकन सापडेल. नंतर शेजारच्या नव्या घरात बघू, तिथे पांढऱ्या चकचकीत टाइल्स आहेत, तिथे तुझी गाडी तरंगेल. अकराच्या आत ये, नंतर बोळात अर्धं ऊन, अर्धी सावली होते. तुझा भारी फोन घरी ठेव, वडिलांचा साधा अँड्रॉइड आण. आणि शोरूमवाल्यांकडून आरशासकट माप लेखी माग. देणार नाहीत. मग आपणच त्यांच्या दारात जाऊन गाडीला टेप लावू, मला तिथे ओळखतात, हाकलणार नाहीत.

काका