माल भरण्यापासून पॅडवर उतरण्यापर्यंत: ‘एलिट डेंजरस’बद्दल वाचकांचे प्रश्न

‘एलिट डेंजरस’ या अवकाशजहाजांच्या गेममधला व्यापार आणि डॉकिंग (जहाज स्टेशनच्या पॅडवर उतरवणे) या विषयावर बरीच पत्रे आली आहेत. केंब्रिजच्या फ्रंटिअर डेव्हलपमेंट्सने हा गेम डिसेंबर २०१४मध्ये आणला. १९८४ साली बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकावर आलेल्या मूळ ‘एलिट’चा तो वारस. स्वस्तात माल घ्या, दुसऱ्या स्टेशनवर महाग विका आणि त्यासाठी फिरत्या स्टेशनच्या फटीतून जहाज आत न्या, हा गाभा तेव्हापासून तसाच आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: कोणता माल कुठून कुठे न्यावा? प्रत्येक बाजारात शंभर नावे दिसतात, काही कळत नाही.

नावे पाठ करू नका, स्टेशनची अर्थव्यवस्था बघा. ती स्टेशनच्या माहितीत लिहिलेली असते. खाण स्टेशनवर बॉक्साइट, रुटाइल, कोल्टानसारखी खनिजे निघतात आणि ती रिफायनरी स्टेशनला हवी असतात. रिफायनरीतून सोने, चांदी, पॅलेडियम, टायटॅनियम असे धातू बाहेर पडतात आणि ते औद्योगिक व हाय-टेक स्टेशने घेतात. औद्योगिक स्टेशन यंत्रे बनवते. त्यातली खाणयंत्रे परत खाणीकडे जातात, कापणीयंत्रे शेती स्टेशनकडे. शेती स्टेशनकडून धान्य, चहा, कॉफी, मासे निघतात. त्यांना शेतीची औषधे लागतात, ती हाय-टेककडे मिळतात. जैविक कचरासुद्धा शेती स्टेशनवर विकला जातो, पण त्यात फारसे पैसे नाहीत.

बाजाराच्या पडद्यावर प्रत्येक मालापुढे आकाशगंगेतला सरासरी भाव असतो. इथला भाव त्यापेक्षा बराच खाली आणि साठा भरपूर असेल तर घ्या. तिथला भाव वर आणि मागणी मोठी असेल तर विका. मागणीचा आकडा तुमच्या खेपेच्या कित्येक पट हवा. मागणी शंभर टनांची आणि तुमच्याकडे शंभर टन माल, अशी गाठ पडली की विकताना भाव घसरतो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नफा दर टनी मोजू नका, तासाला मोजा. समजा, एका मार्गावर टनामागे २०,००० क्रेडिट्स (गेममधले चलन) सुटतात आणि फेरी २० मिनिटांची आहे. शंभर टनांच्या जहाजाला तासाला ६० लाख मिळतील. दुसऱ्या मार्गावर टनामागे २८,००० सुटतात, पण फेरीला ४५ मिनिटे लागतात. तिथे तासाचे ३७ लाखच होतात. यादीत दुसरा मार्ग वर दिसतो आणि नवे खेळाडू तोच धरतात.

वेळ बहुतेक वेळा ताऱ्यापासून स्टेशनपर्यंतच्या अंतरात जातो. दुसऱ्या तारकासंस्थेत उडी मारली की जहाज मुख्य ताऱ्याजवळ बाहेर पडते, तिथून पुढे सुपरक्रूझ, म्हणजे संस्थेच्या आतला अतिवेगवान प्रवास. हजारभर प्रकाश-सेकंदांच्या आतले स्टेशन धरा. अल्फा सेंटॉरीमधले हटन ऑर्बिटल ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्ष दूर आहे. साध्या ड्राइव्हने सुपरक्रूझमध्ये तासाच्या वर जातो, शिवाय ते आउटपोस्ट (लहान स्टेशन) असल्याने मोठे जहाज उतरतच नाही. तिथे अ‍ॅनाकोंडा हे महागडे मोठे जहाज फुकट मिळते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

प्रश्न: इनारावर (भाव आणि मार्ग दाखवणारे संकेतस्थळ) बघून गेलो, पण पोहोचल्यावर भाव वेगळाच निघाला. असे का?

इनारावरचे आकडे खेळाडूंच्याच संगणकांवरून येतात. कोणीतरी त्या स्टेशनवर उतरून बाजार उघडतो, त्याच्याकडचे साहाय्यक सॉफ्टवेअर आकडे वर पाठवते आणि पुढचा कोणी जाईपर्यंत तेच राहतात. मधल्या काळात दहा जणांनी तोच माल तिथे ओतला असेल किंवा संस्थेत युद्ध, दुष्काळ, साथ सुरू झाली असेल तर भाव हलतो. शोधताना तीन गाळण्या लावा: आकडे एका दिवसाच्या आतले, साठा आणि मागणी तुमच्या खेपेच्या अनेक पट, आणि पॅड तुमच्या जहाजाच्या मापाचे. यादीतला पहिला मार्ग सगळेच धरतात. तिसरा-चौथा अनेकदा जास्त दिवस टिकतो.

प्रश्न: साइडवाइंडर (सुरुवातीचे छोटे जहाज) सोडून टाइप-६ घेतले. आता त्यात काय बसवू?

पहिले व्यापारी जहाज म्हणून टाइप-६ उत्तम. किंमत सुमारे साडेदहा लाख. कार्गो रॅकचे गणित आधी समजून घ्या. रॅकचे माप एकने वाढले की क्षमता दुप्पट होते: १ मापात २ टन, २ मध्ये ४, ३ मध्ये ८, ४ मध्ये १६, ५ मध्ये ३२. टाइप-६मध्ये ५ मापाच्या दोन, ४ च्या दोन, ३ ची एक, २ च्या दोन आणि १ ची एक जागा आहे. सगळीकडे रॅक भरले तर ११४ टन होतात.

तसे भरू नका. ३ मापाच्या जागेत शील्ड घाला. ते २ मापात बसत नाही, कारण त्या शील्डची मर्यादा १३८ टन वजनाच्या सांगाड्यापर्यंत आहे आणि टाइप-६चा सांगाडा १५५ टनांचा आहे. १ मापात डॉकिंग कॉम्प्युटर, २ मापाच्या एका जागेत सुपरक्रूझ असिस्ट. उरतात बरोबर १०० टन. चौदा टनांच्या बदल्यात धडक सोसणारे आणि स्वतःहून उतरणारे जहाज मिळते.

पैसा आधी फ्रेम शिफ्ट ड्राइव्हवर, म्हणजे उडी मारणाऱ्या इंजिनावर घाला आणि तो ए (सर्वोत्तम) दर्जाचा घ्या. माल भरल्यावर वजन वाढते आणि उडीचा पल्ला कमी होतो, त्यामुळे रिकाम्या जहाजाचा आकडा बघून मार्ग आखला तर दोनच्या जागी तीन उड्या लागतात. नकाशात मार्ग आखताना कार्गोचा स्लायडर आहे, तो भरलेल्या वजनावर ठेवा.

प्रश्न: स्टेशन समोर दिसते आणि दर वेळी मी त्याच्या पुढे निघून जाते. सुपरक्रूझ असिस्ट न वापरता कसे थांबायचे?

निळ्या पट्ट्यात, म्हणजे ७५ टक्क्यांच्या आसपास थ्रॉटल (वेगाचा दांडा) कधी आणायचा, एवढाच प्रश्न आहे. लक्ष्याशेजारी उरलेला वेळ दिसतो. तो ०:०७ झाला की थ्रॉटल ७५ टक्क्यांवर आणा आणि सोडून द्या. अंतर घटते तसा वेगही घटतो आणि वेळ सहा-सात सेकंदांवर ठरून राहते. आकडा ०:०५ झाला तर थ्रॉटल निम्म्यावर आणा. ०:०४ दिसला तर बहुधा उशीर झाला. तेव्हा ग्रहाच्या शेजारून वळसा घ्या, गुरुत्वाकर्षणाने वेग उतरतो. अंतर १,००० किलोमीटरच्या आत आणि वेग मर्यादेत आला की बाहेर पडता येते.

कोरिओलिस या प्रकारच्या मोठ्या फिरत्या स्टेशनची फट बहुतेक वेळा ग्रहाकडे तोंड करून असते. म्हणून ग्रह आणि स्टेशन यांच्या मधून आलात तर बाहेर पडताच फट समोर दिसते आणि स्टेशनभोवतीची प्रदक्षिणा वाचते.

प्रश्न: फटीतून आत जाताना नेहमी आदळतो. एकदा दंडही झाला. क्रमाने सांगा.

सुपरक्रूझमधून बाहेर आल्यावर ७.५ किलोमीटरच्या आत या. त्याआधी मागितलेली परवानगी नाकारली जाते. डावे पॅनेल उघडा (कीबोर्डवर १), कॉन्टॅक्ट्समध्ये स्टेशन निवडा, डॉकिंगची विनंती करा. पॅडचा क्रमांक मिळतो आणि दहा मिनिटांचे घड्याळ सुरू होते. मोठ्या स्टेशनवर ४५ पॅड असतात. क्रमांक ध्यानात ठेवा, आत तो पॅडवर तरंगताना दिसतो.

आता घाई सोडून फटीच्या सरळ समोर या. तिरके येऊन शेवटच्या क्षणी वळणे हे आदळण्याचे पहिले कारण. फटीच्या एका कडेला हिरवे दिवे असतात, दुसरीकडे लाल. हिरवे तुमच्या उजव्या हाताला आले पाहिजेत. आत जाणारे उजवीकडून, बाहेर येणारे दुसऱ्या बाजूने, असा तिथला नियम आहे आणि गेममधली इतर जहाजे तो पाळतात. लहान जहाजाला फट थोडी तिरकी असली तरी चालते. मोठ्याला मात्र स्टेशनबरोबर स्वतःभोवती फिरत, फटीला समांतर राहावे लागते. टाइप-९मध्ये चालकाची जागा जहाजाच्या वरच्या भागात आहे. नजर फटीच्या मधोमध धरली तर पोट खालच्या कडेला घासते, म्हणून नजर मध्यापेक्षा वर ठेवा.

वेग सेकंदाला १०० मीटरच्या खाली. दंडाचा संबंध याच आकड्याशी आहे: त्याच्या वर असताना दुसऱ्या जहाजाला धक्का लागला तर दोष तुमच्यावर येतो. फार हळू जाऊन फटीत रेंगाळणेही गुन्हा आहे, आधी इशारा मिळतो आणि मग स्टेशन गोळीबार करते. ४० ते ८० मीटर हा वेग बहुतेक जहाजांना बरा. फटीत शिरण्याआधी वीजवाटपात चार ठिपके सिस्टिमकडे द्या, म्हणजे शील्ड घट्ट राहते.

आत गेल्यावर चाके खाली करा (एल). उजव्या पॅनेलमध्ये रोटेशनल करेक्शन चालू आहे ना, ते आधीच पाहून ठेवा. ते बंद असेल तर स्टेशन फिरत राहते, तुम्ही स्थिर राहता आणि पॅड पायाखालून सरकताना दिसते. खूप जण याला जहाजाचा दोष समजतात. फ्लाइट असिस्टही (जहाज आपोआप स्थिर ठेवणारी सोय) चालू हवे.

पॅडवर उतरताना जहाजाचे नाक स्टेशनच्या आतल्या टोकाकडे हवे, पाठ फटीकडे. उलटे उतरता येत नाही. पॅडच्या जवळ रडारच्या जागी पॅडची आकृती येते. जहाज तिच्या मधोमध आणा, पुढे जाण्याचा थ्रॉटल शून्य करा (एक्स) आणि फक्त खाली ढकलणाऱ्या थ्रस्टरने (एफ) उतरा. शेवटचे काही मीटर बोटाने टिचक्या मारल्यासारखे.

डॉकिंग कॉम्प्युटर असेल तर परवानगी मिळताच थ्रॉटल शून्य करा. पुढचे सगळे तो करतो. मध्येच थ्रॉटलला हात लावला की तो ताबा सोडतो, आणि बहुतेकांचे ‘डॉकिंग कॉम्प्युटर बिघडला’ हे इथेच होते. बाहेर निघण्याचे कामही त्याच्याकडे द्यायचे असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड प्रकार घ्या.

प्रश्न: इस्रोच्या स्पेडेक्सचे डॉकिंग आणि गेममधले डॉकिंग यांत काही साम्य आहे का?

टप्प्याटप्प्याने जवळ जाणे, हे साम्य. ३० डिसेंबर २०२४ला पीएसएलव्ही-सी६०ने सोडलेले सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ला जोडले गेले आणि भारत हे साधणारा चौथा देश ठरला. तिथे ५ किलोमीटर, १.५ किलोमीटर, ५०० मीटर, २२५, १५ आणि ३ मीटर असे थांबे होते. प्रत्येक थांब्यावर तपासणी आणि मगच पुढे. जोडणीच्या वेळचा सापेक्ष वेग सेकंदाला मिलिमीटरांत मोजण्याइतका कमी होता. गेममध्ये फ्लाइट असिस्ट चालू असताना थ्रॉटल सोडला की जहाज आपोआप थांबते. खऱ्या अवकाशात तसे होत नाही, उलटा जोर द्यावाच लागतो. तो अनुभव हवा असेल तर रिकाम्या जागेत फ्लाइट असिस्ट बंद करा (झेड) आणि एका जागी स्थिर राहण्याचा सराव करा. स्टेशनच्या आत मात्र तो प्रयोग नको.

प्रश्न: टाइप-७ घेतले आणि अर्ध्या ठिकाणी ‘परवानगी नाकारली’ येते. का?

टाइप-७ला मोठे पॅड लागते. आउटपोस्टवर फक्त लहान आणि मध्यम पॅड असतात. हीच त्या जहाजाची खरी अडचण आहे: पावणेदोन कोटींच्या आसपास किमतीत तीनशेच्या आसपास टन मिळतात, पण आउटपोस्ट बंद होतात. पायथन जवळजवळ तेवढाच माल मध्यम पॅडवर उतरवते, मात्र किंमत साडेपाच कोटींच्या वर जाते. तुमचे मार्ग मोठ्या स्टेशनांमधले असतील तर टाइप-७ वापरून टाइप-९साठी पैसे जमवा. दुर्गम आउटपोस्टवर विकायचे असेल तर पायथनची वाट पाहणे योग्य. नाकारण्याची इतर कारणे म्हणजे अंतर जास्त असणे, योग्य मापाचे पॅड रिकामे नसणे आणि त्या स्टेशनच्या सत्तेशी तुमचे वैर असणे.

प्रश्न: वाटेत चाचे सुपरक्रूझमधून ओढून बाहेर काढतात. लढावे की पळावे?

माल भरलेल्या जहाजाने पळावे. ओढाताण सुरू झाल्यावर निळ्या सुटकेच्या खुणेमागे धावून हरलात तर जहाज गरगरते, सांगाड्याला इजा होते आणि ड्राइव्ह थंड होण्यास जास्त वेळ लागतो. त्याऐवजी लगेच थ्रॉटल शून्य करा. ही शरणागती मानली जाते आणि ड्राइव्ह लवकर तयार होतो. बाहेर पडताच चार ठिपके इंजिनला आणि दोन सिस्टिमला द्या, बूस्ट दाबा (टॅब), आणि मार्गातली पुढची तारकासंस्था निवडून उडीसाठी ड्राइव्ह भरा. त्याच संस्थेत परत सुपरक्रूझमध्ये जाण्याचा प्रयत्न करू नका: मोठे जहाज जवळ असले की त्याच्या वस्तुमानामुळे तुमचा ड्राइव्ह हळू भरतो. दुसऱ्या संस्थेत उडी घेताना ही अडवणूक लागू होत नाही. म्हणून मार्गात पुढची संस्था आधीच निवडलेली असावी, अगदी मुक्कामाच्या संस्थेत पोहोचल्यावरसुद्धा.

जहाज गेलेच तर विम्याचे पाच टक्के भरून ते परत मिळते. माल मिळत नाही, त्याला विमा नाही. नवे जहाज घेऊन उरलेल्या सगळ्या पैशांचा माल भरणे इथे घातक ठरते. विम्याची रक्कम आणि पुढच्या एका खेपेचे पैसे खात्यात उरतील एवढाच माल घ्या. त्यासाठी रॅक अर्धे रिकामे राहिले तरी राहू द्या, किंवा त्या फेरीला सोन्याऐवजी स्वस्त धातू भरा.