तांदूळ वेगळा मोजा, काडतूस वेगळं

(पटावरचे युद्धखेळ : वाचकांचे प्रश्न)

या वेळी निवडलेले चारही प्रश्न १९३७ ते १९४५ या चीन-जपान युद्धाचे आहेत. मी लष्कराच्या सर्व्हिस कोअरमधून, म्हणजे रसदीच्या खात्यातून, निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे माझं उत्तर तोफेपासून नाही, पोत्यापासून सुरू होतं. हे युद्ध पटावर मांडायचं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : मी षटकोनी घरांचा पट केलाय. एक टर्न म्हणजे एक महिना. चीनला ३०० डिव्हिजनचे काउंटर (सोंगट्या) दिले आणि प्रत्येकाची ताकद जपानी डिव्हिजनच्या निम्मी ठेवली. तरी १९३९ पर्यंत चीन जपानला समुद्रात ढकलतो. ताकद आणखी घटवली, तर जपान थेट चीनची युद्धकाळातली राजधानी चोंगचिंग गाठतो. मधलं काहीच जमत नाही. (एक वाचक, सांगली)

मधलं जमत नाही, कारण तुम्ही एकच आकडा खालीवर करताय. ३०० डिव्हिजन कागदावर होत्या हे खरं. पण त्या एका सैन्याच्या नव्हत्या.

आधी काउंटर कमी करा. दोन-तीन डिव्हिजन मिळून जी चिनी 'आर्मी' होते, तिचा एक काउंटर करा. पट हलका होईल आणि खेळणाऱ्याचा हातही मोकळा राहील. मग प्रत्येक काउंटरला मालकाचा रंग द्या. सरकारचा प्रमुख च्यांग कै-शेक याची केंद्रीय फौज वेगळी, ली झोंगरेन आणि बाय चोंगशी यांची ग्वांगशीची वेगळी, येन शीशानची शान्शीची वेगळी, लाँग युनची युन्नानची वेगळी, सिचुआनची वेगळी. कम्युनिस्टांची तर वेगळीच. या प्रत्येकाचं सैन्य हेच त्याचं भांडवल होतं. सैन्य गेलं की प्रांत गेला आणि प्रांत गेला की माणूस संपला. केंद्राकडून भरपाई मिळेल याची खात्री कुणालाच नव्हती. त्यामुळे प्रांताबाहेर जाऊन झिजायला सरदार का कचरत, हे समजायला त्यांना भित्रं ठरवायची गरज नाही.

शानडोंगच्या हान फूजूने १९३७ च्या डिसेंबरात फारशी लढाई न करता जिनान सोडलं. च्यांगने त्याला पकडून २४ जानेवारी १९३८ ला मृत्युदंड दिला. तुमच्या खेळात ही दोन्ही टोकं यायला हवीत. काउंटर ढासळायला लागला की मालक माघार घेण्यासाठी फासा टाकेल. चीनच्या खेळाडूने एखाद्या सेनापतीला शिक्षा केली, तर पुढचे काही टर्न हा फासा टाकता येणार नाही, पण त्या प्रांताकडून मिळणारी भरतीही घटेल.

आता एक गोष्ट आग्रहाने सांगतो, कारण बहुतेक खेळ इथेच अन्याय करतात. प्रांतीय फौज म्हणजे कमकुवत फौज, असा नियम लिहू नका. सिचुआनच्या फौजेकडे पाहा. १९३७ च्या शरदात हे लोक गवताच्या चपला आणि पातळ कपडे घालून, जुन्या रायफली घेऊन, पायी उत्तरेकडे निघाले. शान्शीत त्यांना ना गरम कपडे मिळाले ना दारूगोळा. तिथल्या गोदामांना त्यांनी हात घातला, तर येन शीशानला ते नकोसे झाले. शेजारच्या युद्धक्षेत्रानेही (चीनने लढाईसाठी देशाचे असे विभाग पाडले होते) त्यांना घेतलं नाही. शेवटी ली झोंगरेनने त्यांना आपल्या पाचव्या युद्धक्षेत्रात घेतलं आणि रायफली, काडतुसं मिळवून दिली. त्याच फौजेतल्या १२२ व्या डिव्हिजनने मार्च १९३८ मध्ये तेंगश्येन गाव लढवलं. तिचा सेनापती वांग मिंगझांग तिथेच पडला. त्या दिवसांच्या विलंबामुळे ताइअरझुआंगची तयारी करायला वेळ मिळाला, आणि एप्रिलमध्ये तिथे जपान्यांना मागे हटावं लागलं.

तीच माणसं, तेच सेनापती. शान्शीत ओझं आणि शानडोंगात भिंत. फरक फक्त एवढाच की कुणाच्या गोदामाचं दार त्यांच्यासाठी उघडलं. म्हणून काउंटरवर ताकदीचे दोन आकडे छापा, एक पुरवठा असतानाचा आणि एक नसतानाचा. आणि परक्या युद्धक्षेत्रात गेलेल्या काउंटरला दारूगोळा द्यायचा की नाही, हा निर्णय त्या क्षेत्राच्या प्रमुखाच्या फाश्यावर सोडा. तुमचा अर्धा तोल एवढ्यानेच साधेल.

केंद्राच्या उत्तम डिव्हिजन, म्हणजे जर्मन सल्लागारांनी घडवलेल्या ३६, ८७ आणि ८८, शांघायला ऑगस्ट ते नोव्हेंबर १९३७ मध्ये जळाल्या. त्यांचे क्रमांक पुढेही चालू राहिले, पण कसलेले कनिष्ठ अधिकारी परत आले नाहीत, आणि १९३८ मध्ये जर्मनीने सल्लागारही बोलावून घेतले. हे काउंटर एकदा कमी ताकदीच्या बाजूवर उलटले की पुन्हा सुलट करू देऊ नका.

प्रश्न : नियम असा आहे की रेल्वेने किंवा मोटाररस्त्याने मूळ ठाण्याशी जोड नसेल, तर काउंटर दोन टर्नमध्ये पटावरून जातो. जपानकडे सगळ्या मोठ्या रेल्वे आल्या की चिनी फौज आपोआप नाहीशी होते. हे चूक वाटतं, पण नियम काढला तर पुरवठ्याला अर्थच राहत नाही. (एक वाचक, नागपूर)

नियम युरोपातला आहे. यंत्रांच्या सैन्याला तो लागू पडतो. चीनमध्ये पुरवठ्याचे दोन हिशेब ठेवा, एक तांदळाचा आणि दुसरा काडतुसांचा.

तांदळाचं गणित करून दाखवतो. आकडे मी सोयीसाठी धरलेत. हमाल ३० किलो उचलतो आणि दिवसाला पाऊण किलो धान्य खातो. वाट दहा दिवसांची असेल तर जाऊन-येऊन तो १५ किलो स्वतःच खाणार. पोचले १५. आठ हजारांच्या डिव्हिजनला रोज ६ टन लागतात, म्हणजे रोज ४०० हमाल पोचायला हवेत. प्रत्येकाची फेरी वीस दिवसांची, म्हणून कायम वाटेवर असलेले हमाल ८ हजार. जितके शिपाई तितकेच हमाल! वाट वीस दिवसांची केली तर हाती काहीच पोचत नाही. डोंगरात खेचरांच्या तांड्याचा हिशेब आम्ही याच रीतीने मांडायचो. पाठीवरच्या ओझ्यातून जनावराचा दाणा आधी वजा करायचा आणि मगच पुढच्या चौकीला आकडा कळवायचा.

आता काडतुसं. त्याच आठ हजारांना माणशी २० काडतुसं दिली तर वजन झालं साधारण ४ टन. त्याच दहा दिवसांच्या वाटेवर सुमारे २७० हमाल एका खेपेत नेतील आणि एखादी लढाई त्यावर निघेल.

म्हणजे तांदूळ जड, पण जागेवर मिळतो. काडतूस हलकं, पण जागेवर मिळत नाही. चिनी फौज वर्षानुवर्षं एकेका जागी का बसून राहिली आणि मोठा हल्ला का करू शकली नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे. तुमच्या पटावर प्रत्येक घराला 'धान्य' हा आकडा द्या. हुनान आणि सिचुआन समृद्ध, शान्शीचे डोंगर कोरडे. घरातल्या धान्यापेक्षा जास्त काउंटर तिथे बसले की ते मरणार नाहीत, झिजतील. पण बचाव करायला धान्य पुरेल. हल्ला करायचा तर काडतुसांचा गुण खर्च करावाच लागेल.

धान्याचा आकडा कायमचा ठेवू नका. १९४१ पासून सरकारने जमीनमहसूल पैशांऐवजी धान्यात घ्यायला सुरुवात केली, कारण चलन घसरत होतं आणि शिपायाच्या पगारात काही येत नव्हतं. फौज जगली, पण भार शेतकऱ्यावर पडला. १९४२-४३ मध्ये हेनानात दुष्काळ पडला, वसुली मात्र थांबली नाही, आणि वीस ते तीस लाख माणसं गेली. १९४४ च्या एप्रिलमध्ये जपानची इची-गो मोहीम हेनानात शिरली, तेव्हा माघार घेणाऱ्या सरकारी सेनापती तांग एनबोच्या शिपायांवर गावकरीच तुटून पडले आणि त्यांनी बंदुका हिसकावून घेतल्या. म्हणून नियम असा करा : घरातून क्षमतेपेक्षा जास्त धान्य उचललं की तिथे 'रोष' हा काउंटर ठेवायचा, आणि पुढे त्या घरातून माघार घेणाऱ्या फौजेने जास्तीचं नुकसान सोसायचं. दुष्काळाला घटनापत्रिकेतला एक फासा करून टाकू नका. तो खेळाडूच्या वसुलीतून वाढू द्या. खेळणाऱ्याला तो हिशेब स्वतःच्या हाताने करावा लागला पाहिजे.

काडतुसांच्या वाटा मात्र तारखेवार आहेत. सर्वांत मोठी वाट हाँगकाँगमार्गे ग्वांगझूची होती. ती ऑक्टोबर १९३८ मध्ये गेली. व्हिएतनाममधल्या (तेव्हा फ्रेंच वसाहत) हायफाँगहून युन्नानमधल्या कुनमिंगला येणारी मीटरगेज रेल्वे फ्रान्स पडल्यावर १९४० च्या जूनमध्ये बंद झाली. सोव्हिएत माल शिनजियांगातून लानझूला यायचा, तो १९४१ मध्ये आटला. बर्मातल्या लाशिओपासून कुनमिंगपर्यंतचा ११५४ किलोमीटरचा बर्मा रस्ता सुमारे दोन लाख मजुरांनी हातांनी खणला. त्यांत बायका, म्हातारी माणसं आणि मुलंही होती. ब्रिटिशांनी तो जपानच्या दबावाखाली जुलै ते ऑक्टोबर १९४० असे तीन महिने बंद ठेवला, आणि २९ एप्रिल १९४२ ला लाशिओ पडल्यावर तो तुटला. देशातले कारखाने १९३८ मध्ये बोटींनी आणि माणसांच्या खांद्यांवरून चोंगचिंगला हलवले होते. थोडं पण अखंड येणारं काडतूस तिथलंच. चोंगचिंगला दर टर्नला एक-दोन गुण कायम द्या.

एक बारकावा हवाच असेल तर घ्या. केंद्राच्या रायफली ७.९२ मिलिमीटरच्या, शान्शीच्या बऱ्याच ६.५ च्या. पाठवलेली पेटी प्रत्येकाच्या कामाची नसायची. खेळ जड होणार असेल तर सोडून द्या.

आणि जपानचा हिशेब विसरू नका. उत्तर हुनानात चिनी सेनापती श्वे यूएने रस्ते खणून काढले होते. १९४१-४२ च्या हिवाळ्यात छांगशावर चालून आलेली जपानी फौज दारूगोळ्याच्या तुटीमुळेच अडचणीत आली. रस्ता उखडणं ही चीनची चाल म्हणून नियमात घाला.

प्रश्न : मेजरकाका, मी अकरावीत आहे. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या सैन्याबरोबर होते, त्याला हे धान्य-काडतूस कुठून मिळायचं? आणि खेळात डॉक्टरांचा काउंटर ठेवला तर तो काय करेल? (एक वाचक, सोलापूर)

तुझा प्रश्न फार आवडला. ते आठव्या मार्गाचं सैन्य. ऑगस्ट १९३७ मध्ये कम्युनिस्ट फौजेला सरकारी सैन्यात घेऊन ११५, १२० आणि १२९ अशा तीन डिव्हिजन केल्या. सेनापती झू द, उपसेनापती पंग दह्वाय. सरकारने पगार मंजूर केला ४५ हजारांचा. सैन्य मात्र वाढत काही लाखांवर गेलं. जानेवारी १९४१ मध्ये सरकारी फौजेने कम्युनिस्टांच्याच दुसऱ्या फौजेवर, न्यू फोर्थ आर्मीवर, हल्ला केला, आणि त्यानंतर सरकारी पैसा आणि पुरवठा पूर्ण बंद झाला, कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं असलेल्या येनानभोवतीची नाकेबंदी आणखी आवळली. मग ३५९ व्या ब्रिगेडने नानिवानची पडीक जमीन नांगरून धान्य पिकवलं. काडतुसं जपान्यांकडून हिसकावलेली किंवा डोंगरातल्या छोट्या कारखान्यांत रिकामी टरफलं पुन्हा भरून केलेली. म्हणून तुझ्या पटावर या काउंटरला धान्य जवळजवळ सगळीकडे मिळू दे, आणि काडतुसांचा गुण मात्र फक्त जिंकलेल्या चकमकीनंतर.

काँग्रेसने पाठवलेलं पाच डॉक्टरांचं पथक १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोटीने निघालं. अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. कोटणीस पुढे उत्तर चीनच्या आघाडीवर गेले, कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले.

त्यांच्या काउंटरला लढाईत अधिक गुण देऊ नकोस. त्याचं काम लढाईनंतरचं. जिथे डॉक्टर आहे तिथे गमावलेल्या ताकदीचा काही भाग पुढच्या टर्नला परत येईल, आणि आजाराने होणारी झीज निम्मी होईल. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. चिनी शिपाई गोळीइतकाच मलेरियाने, हगवणीने आणि उपासमारीने मेला. आठ वर्षांत सुमारे १ कोटी ४० लाख माणसं सक्तीने भरती झाली, आणि त्यातले कितीतरी आपल्या तुकडीपर्यंत पोचलेच नाहीत. भरतीचे सगळे काउंटर आघाडीवर पोचतात असं कधीही धरू नकोस. वाटेतल्या पटावरच्या दर घरामागे एक फासा टाक.

प्रश्न : आसाममधून हिमालयावरून उडणाऱ्या 'हंप'च्या विमानांनी दर महिन्याला किती चिनी डिव्हिजन पोसल्या, असं धरू? (एक वाचक, ठाणे)

फार कमी. सुरुवातीला महिन्याला काहीशे टन पोचायचे, १९४३ च्या डिसेंबरात १० हजारांवर गेले, आणि १९४५ च्या जुलैत ७१ हजार. पण त्यातला मोठा वाटा शेनॉल्टच्या अमेरिकी विमानदलाचं पेट्रोल आणि बॉम्ब यांचा होता. १९४४ मध्ये त्यात चेंगदूच्या बी-२९ विमानांची भर पडली. खेळाडूला दर टर्नला हा माल वाटायला लावा : विमानांना द्यायचा की पायदळाला. इची-गोच्या वेळी हाच वाद चोंगचिंगमध्ये पेटलेला होता.

चिनी फौजेचा खरा कायापालट झाला तो रामगढला, आजच्या झारखंडात. बर्मातून हटून आलेल्या सुन लिरेनच्या ३८ व्या आणि लियाव याओश्यांगच्या २२ व्या डिव्हिजनपासून तिथे प्रशिक्षण सुरू झालं, आणि पुढे ५० हजारांवर शिपाई घडले. पोटभर जेवण, लशी, नवी हत्यारं, वेळेवर पगार. बाकी माणसं तीच, आणि १९४३-४४ मध्ये उत्तर बर्मात त्यांनी जपान्यांना मागे रेटलं. यांना पूर्ण ताकदीचे काउंटर द्या, पण ते भारताच्या घरातूनच पटावर येऊ देत. आसाममधल्या लेडोहून बर्मामार्गे चीनला जाणाऱ्या लेडो रस्त्याचा पहिला ताफा ४ फेब्रुवारी १९४५ ला कुनमिंगला पोचला. रस्त्याचे गुण त्या टर्नपासून मोजा, एक टर्नही आधी नाही.