पट्टी वाकते रॅकवर, बोल लागतो करवतीला

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

चित्राच्या फ्रेमचा कोपरा जुळला नाही की सगळे आधी करवतीचा कोन तपासतात. तूही तपास. पण कोन बरोबर 45 अंश निघाला, तर पुढची शंका रॅकवर घे. कापण्याआधी फ्रेमची पट्टी कित्येक आठवडे नुसती पडून असते आणि तिचं जे वाकडंतिकडं व्हायचं ते तेव्हाच होतं.

अख्ख्या पट्ट्या आडव्या ठेव, हे माझं ठाम मत. 3 मीटरच्या पट्टीला 5 आधार दे, दोन आधारांत 60 सेंमी अंतर. म्हणजे दोन्ही टोकं 30-30 सेंमी बाहेर राहतात आणि तेवढं चालतं. सिंथेटिक, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांसाठी अंतर 40 सेंमीवर आण. त्या स्वतःच्याच वजनाने हळूहळू खाली येतात, उन्हाळ्यात तर फारच, आणि एकदा आलेला बाक जात नाही. पत्र्याखालचा सगळ्यात वरचा कप्पा त्यांना कधीच देऊ नकोस.

या आधारांचे ब्रॅकेट ठोकताना पहिल्या आणि शेवटच्या ब्रॅकेटवरून दोरी ताण, मधले तिन्ही तिला जेमतेम टेकले पाहिजेत. मधला एक जरी 5 मिमी खाली राहिला तरी पट्टी त्याच जागी बसते. ब्रॅकेटची खोली 30 ते 40 सेंमी पुरे. त्याहून खोल केलंस तर मागच्या पट्ट्या काढायला पुढच्या सगळ्या उचलाव्या लागतात, आणि त्या उचलाउचलीतच ओरखडे पडतात. पुढच्या टोकाला 2 सेंमीचा उभा ओठ हवा, नाहीतर गोल पाठीची पट्टी घरंगळून खाली येईल. वर फेल्ट किंवा जाड सुती कापड चिकटव. मऊ प्लास्टिकची नळी किंवा रबर नको, त्यातली द्रव्यं रंगाच्या थरात उतरतात आणि पट्टीवर चिकट आडवे डाग राहतात.

टोकाकडून आत सरकवायचे चौकोनी खण दिसायला नीटनेटके असतात, पण रॅकपुढे आणखी 3 मीटर मोकळी जागा लागते आणि दर वेळी पट्टी शेजारणीला घासत बाहेर येते. बाजूने उचलता येईल असाच रॅक बांध.

जागाच नसेल तर उभ्या ठेव, पण खरोखर उभ्या. भिंतीला तिरक्या टेकवून ठेवलेली पट्टी महिनाभरात धनुष्य होते. 15 ते 20 सेंमी रुंदीचे कप्पे कर, पायाशी लाकडी अडथळा ठोक, आणि तळ जमिनीपासून किमान 10 सेंमी वर घे. छताची उंची पट्टीपेक्षा बरीच जास्त हवी, कारण बाहेर काढताना ती कलती होते आणि वरचं टोक पंख्याला नाहीतर ट्यूबलाइटला लागतं.

ठेवताना दर्शनी बाजू दर्शनी बाजूला, पाठ पाठीला, आणि दोन दर्शनी बाजूंमध्ये पातळ फोम किंवा कोरा पातळ कागद. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. गठ्ठा बांधायला रुंद सुती पट्टी वापर. सुतळी घट्ट बांधली की रंगाखालच्या खडू-सरसाच्या थरावर कायमची खूण उमटते. हा थर ठिसूळ असतो. लांब पट्टी एका टोकाला धरून उचललीस तर ती लवते आणि थराला केसासारखे आडवे तडे जातात, जे प्रकाशात तिरकं धरल्याशिवाय दिसतही नाहीत. लांबीचे तीन भाग कल्पून दोन्ही हात त्या दोन ठिकाणी ठेव. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या वेगळ्या कप्प्यात, त्यांची कापलेली टोकं लाकडी पट्टीला रंध्यासारखी तासतात.

आता दमटपणा. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून ओली पट्टी कापून जोडलीस आणि ती नंतर सुकली, तर फट कोपऱ्याच्या आतल्या बाजूला पडते. कोरडी जोडून नंतर फुगली, तर बाहेरच्या बाजूला. फट कुठे आहे यावरून चूक काय झाली ते कळतं. कोन पुन्हा पुन्हा बदलत बसू नकोस. नवा माल आला की प्लास्टिक सोडून आठवडाभर रॅकवर राहू दे, मगच कापायला घे. रॅक बाहेरच्या भिंतीपासून 5-7 सेंमी सुटा ठेव, खिडकीचं ऊन थेट पडू देऊ नकोस. खाली बारीक पिठासारखी पूड दिसली तर ती करवतीची समजून झाडू नकोस. आधी टॉर्च घेऊन पाठीवर किडीची छिद्रं शोध आणि छिद्रं असलेली पट्टी त्याच दिवशी बाहेर काढ.

कापण्याआधी डोळा टोकाला लावून पट्टी लांबीत बघ, मग चौथाई फिरवून पुन्हा. बाक आणि पीळ यांत फरक कर. 3 मीटरला मध्ये 9 मिमीचा एकसारखा बाक असेल तर त्यातून कापलेल्या 1 मीटरच्या तुकड्यात तो 1 मिमीच उरतो, कारण लांबी तिसरा हिस्सा झाली की बाक नववा होतो. अशी पट्टी छोट्या फ्रेमला बिनधास्त वापर. पीळ मात्र सोडून दे. त्याची फ्रेम भिंतीवर एका कोपऱ्यावर डुगडुगते आणि कितीही कसलीस तरी सपाट होत नाही.

पट्टीचा नंबर आणि माल आल्याची तारीख पाठीवर लिही, दर्शनी बाजूला टेप लावू नकोस, सोनेरी वर्ख टेपबरोबर निघून येतो. लिहिलेलं टोक शेवटपर्यंत राखून दुसऱ्या टोकाकडून कापत जा. तारीख महत्त्वाची, कारण त्याच नंबरचा सोनेरी रंग दोन खेपांत वेगळा निघतो, आणि एका फ्रेमला दोन खेपांच्या पट्ट्या लागल्या की कोपऱ्यात फरक डोळ्यात भरतो.

उरलेले तुकडे हा खरा डोकेदुखीचा भाग. हिशेब असा: चित्राची लांबी अधिक रुंदी, दुप्पट, त्यात पट्टीची रुंदी आठपट, वर 5 सेंमी कापणीसाठी. 30 बाय 40 सेंमीच्या चित्राला 4 सेंमी रुंद पट्टी लावायची तर 140 अधिक 32 अधिक 5, म्हणजे 177. 3 मीटरमधून 123 सेंमी उरतात. 15 बाय 20 ला हीच पट्टी 107 लागते, म्हणजे तो तुकडा जपायचा. त्याच मापाला 2 सेंमी पट्टी 91 मध्ये होते. म्हणून ‘मीटरपेक्षा लहान ते फेकायचं’ असा एकच नियम सगळ्यांना लावू नकोस, तुझ्याकडे मागणी येणाऱ्या सगळ्यात छोट्या फ्रेमचं माप धरून प्रत्येक रुंदीची मर्यादा काढ आणि रॅकवर लिहून लाव. त्याखालचे तुकडे करवत तपासायला वापर. ठेवायचे ते उभ्या कप्प्यात, लांबी टोकावर खडूने लिहून, म्हणजे प्रत्येक वेळी मोजायची टेप काढावी लागणार नाही.

एखाद्या नंबरची शेवटची अख्खी पट्टी कापलीस की भिंतीवरचा त्याचा नमुना त्याच दिवशी उतरव. नाहीतर गिऱ्हाईक नेमकं तेच बोट दाखवून मागेल.

कळावे.