झोपेच्या तपासण्यांचा बाजार वाढतो आहे तो रुग्ण वाढल्यामुळे, की कंपन्यांनी भीती घातल्यामुळे?

माझे थोरले बंधू हाच प्रश्न गेली चार वर्षे विचारत आहेत आणि उत्तरही स्वतःच देतात: 'घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, बाकी सगळा धंदा.' त्यामुळे माझे हे उत्तर थोडेफार त्यांनाही उद्देशून आहे.

या तपासण्या मुख्यतः झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारासाठी (स्लीप ॲप्निया) होतात. वजनाबरोबर हा विकार वाढतो आणि लोकांची वजने वाढली, हे खरे. पण रुग्ण पूर्वीही पुष्कळ होते, ते मोजले जात नव्हते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत ३० ते ६० वयाच्या नोकरदारांपैकी २४ टक्के पुरुषांचा आणि ९ टक्के स्त्रियांचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा अधिक वेळा अडखळत असल्याचे आढळले होते. तेव्हा हे शोधायला डोक्यापासून पायापर्यंत तारा लावून प्रयोगशाळेत रात्र काढावी लागे. २००८ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने घरच्या घरी होणारी चाचणी उपचारासाठी ग्राह्य धरली, २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने मनगटी घड्याळांतील श्वासविकाराच्या सूचनेलाही मान्यता दिली, आणि तपासणी लोकांच्या उशाशी आली. बाजार वाढला तो मुख्यतः यामुळे.

पण सोपी तपासणी म्हणजे पुरेशी तपासणी नव्हे, आणि इथेच मी फसलो. गाडी चालवताना सिग्नलला डोळा लागू लागला, तेव्हा घरची चाचणी केली: नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. त्या नळीमुळे मी निम्मी रात्र छताकडे पाहत काढली. अहवालात तासाला साडेचार अडथळे आले. पाचाच्या आत, म्हणून 'सामान्य'. बंधूंनी तो कागद घरात सर्वांना वाचून दाखवला.

दीड वर्षाने एका डॉक्टरांनी तोच अहवाल उलगडून दाखवला. यंत्र आठ तास चालू होते, अडथळे छत्तीस होते आणि भागाकार आठाने झाला होता. त्या यंत्राला मेंदूच्या लहरी कळत नाहीत, म्हणून माणूस झोपला आहे की नुसता पडला आहे हेही कळत नाही. मी झोपलो होतो जेमतेम चार तास. म्हणजे आकडा नऊ. शिवाय ज्या अडथळ्यांत प्राणवायू फारसा घटत नाही पण झोप मोडते, ते त्याला दिसतच नाहीत. प्रयोगशाळेतील चाचणीत एकोणीस आले. पंधरापासून पुढे विकार मध्यम मानतात. तेव्हा लक्षणे ठळक असतील, तर घरच्या चाचणीतील 'सामान्य' या शब्दावर विसंबून राहू नका.

बंधूंच्या बाजूनेही थोडे लिहायला हवे. ज्यांना काहीही त्रास नाही अशा प्रौढांची सरसकट तपासणी करण्याइतका पुरावा नाही, असे अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये म्हटले आहे. या विकाराबरोबर हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजारही असलेल्यांवरील २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत सीपॅप यंत्राने (झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देणारे उपचाराचे यंत्र) पुढचे झटके कमी झाले नाहीत, दिवसाची पेंग मात्र कमी झाली. नुसत्या निद्रानाशासाठी तर या तारांची सहसा गरजच नसते. तिथे नीट विचारपूस करून निदान होते. कंपन्या या गोष्टी ठळक अक्षरांत छापणार नाहीत, हे उघड आहे. त्यांनी भीती किती घातली याचे माप माझ्यापाशी नाही.

तुमच्याही घरात असे कोणी वडीलधारे असतील, तर वाद घालू नका. त्यांचे घोरणे फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि ते थांबते तिथे सेकंद मोजा. दहा सेकंदांपासून पुढचा खंड वैद्यकीय हिशेबात धरला जातो. मी बंधूंचे असे मुद्रण केले आहे. त्यात एक खंड बावीस सेकंदांचा आहे आणि नंतर गुदमरल्यासारखा हुंकार येतो. तो पंख्याचा आवाज आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.