फुनाफुटीला नाताळात जाताना

प्रश्न : डिसेंबरअखेर पॅसिफिक महासागरातील तुवालू या देशातील फुनाफुटी या प्रवाळबेटावर जायचे आहे. आम्ही शाकाहारी आहोत. काय तयारी करावी?

उत्तर : आधी विमान पाहा, मुक्काम नंतर. फिजीहून आठवड्यातून मोजकीच विमाने जातात. नाताळाला परदेशी राहणारे तुवालूवासी घरी परततात, त्यामुळे जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. परतीचे विमान रद्द झाले तर पुढचे दोन-तीन दिवसांनीच मिळते. म्हणून फिजीहून भारताकडे येणाऱ्या विमानाआधी किमान तीन दिवस मोकळे ठेवाच. ही चूक सर्वांत महाग पडते.

नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो, वादळांचा काळही हाच. पाऊस मात्र तिथे हवाच असतो. बेटावर नदी नाही, घरोघरी छपरावरचे पाणी टाक्यांत साठवतात. अंघोळ बादलीनेच करा, प्यायचे पाणी उकळा. डेंग्यूचे डास दिवसा चावतात. डास दूर ठेवणारे मलम जवळ ठेवा.

चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. कार्डावर विसंबू नका, पुरेशी रोकड फिजीतच घ्या.

भाज्या बहुतेक जहाजाने येतात, जहाज लांबले की दुकाने रिकामी. नारळ, फणसासारखे ब्रेडफ्रूट आणि खड्ड्यांत पिकवलेला पुलाका हा अळूचा कंद मिळेल. डाळ, पोहे बंद पाकिटांत न्या आणि फिजी व तुवालू दोन्हीकडे विमानतळावरच्या तपासणीत जाहीर करा. ताजी फळे नेऊ नका.

रविवार चर्चचा असतो, गावात गुडघे झाकणारे कपडे घाला. पोहणे लगूनच्या, म्हणजे प्रवाळांनी वेढलेल्या आतल्या शांत पाण्याच्या, बाजूला. समुद्राकडच्या खडकांवर लाटा जोरात आपटतात.